सहाशे मीटर

माझा अहवाल एकवीस पानांचा होता. माझे विभागप्रमुख वर्तक सर यांच्या केबिनमधून तो परत माझ्या टेबलावर आला तेव्हा अकरा पानांचा झाला होता. बांधणी नवी, मुखपृष्ठ नवं, शेवटच्या पानावर माझं नाव, हर्षदा भामरे, आणि नावाच्या वर सहीसाठी सोडलेली कोरी रेघ.

मी उभ्या उभ्याच पानं उलटली. अकराव्या पानाच्या तळाशी माझं एक वाक्य होतं, की पुढच्या भागात दुसरी शक्यता तपासली आहे. ते वाक्य गेलं होतं. त्या जागी दुसरंच आलं होतं: पिन मोडली ती ऑपरेटरने थांबा न घेतल्यामुळे. हे मी लिहिलं नव्हतं. इतक्या ठामपणे मी कुठेच काही लिहिलं नव्हतं.

माझी कानशिलं तापली. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं. अहवाल उचलला आणि तडक सरांच्या केबिनकडे निघाले.

त्याआधी हे काय प्रकरण होतं ते सांगायला हवं.

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत आमची कंपनी होती. बसगाड्यांना लागणारे अ‍ॅल्युमिनियमचे मोठाले तळ आम्ही जोडून द्यायचो. जोडायची पद्धत निराळी होती. ठिणग्या नाहीत, वितळणं नाही. दोन जाड प्लेटी शेजारी शेजारी घट्ट आवळायच्या आणि त्यांच्या सांध्यात पोलादाचं फिरतं टूल खुपसायचं. टूलच्या टोकाला करंगळीच्या पेराएवढी पिन असते. ताकात रवी फिरावी तशी ती धातूत फिरते. घर्षणाने अ‍ॅल्युमिनियम लोण्यासारखं मऊ पडतं, घुसळलं जातं, आणि टूल पुढे सरकलं की मागे एकजीव सांधा उरतो. नियम एकच. टूल आत गेल्याबरोबर पुढे रेटायचं नाही. आठ सेकंद जागच्या जागी फिरू द्यायचं, प्लेट तापू द्यायची. याला आम्ही थांबा म्हणत असू. थंड धातूत टूल रेटलं तर सगळा जोर पिनच्या मुळाशी येतो.

माझं काम वरच्या मजल्यावर, थंडगार खोलीत. टूलचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घ्यायचं, त्याचे लाखभर बारीक तुकडे पाडायचे, आणि प्रत्येक तुकडा किती तापतो, त्याच्यावर किती ताण येतो ते कॉम्प्युटरकडून सोडवून घ्यायचं. उत्तर रंगांत येतं. निळं म्हणजे निवांत, लाल म्हणजे मोडणार.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी साडेदहाच्या सुमाराला दगडू सांगळे यांच्या मशीनवर पिन मोडली. मोडताना प्लेटीला हिसका बसला, ती सरकली, आणि तिला दाबून धरणारा लोखंडी क्लॅम्प उसळून सांगळ्यांच्या तोंडावर बसला. गॉगलची काच फुटून डाव्या डोळ्यात गेली. नाशिकच्या डॉक्टरांनी दोन ऑपरेशनं केली. डोळा वाचला नाही.

सांगळे एकोणीस वर्षांचे जुने कामगार. ते दवाखान्यातून घरी आले त्याच आठवड्यात कंपनीने त्यांना आरोपपत्र पाठवलं. आठ सेकंदांचा थांबा न घेता टूल रेटलं, कामात निष्काळजीपणा केला, कंपनीचं नुकसान केलं, तेव्हा कामावरून का काढू नये. मशीन जुनं होतं, मिलिंगच्या, म्हणजे धातू कोरायच्या मशीनवरच हे काम बसवलेलं, त्यामुळे थांबा किती घेतला हे ते नोंदवत नसे. म्हणजे सांगळे म्हणणार घेतला, कंपनी म्हणणार नाही घेतला. चौकशी बसली, आणि वर्तक सरांनी मला सांगितलं की थांबा आठऐवजी दोन सेकंदांचा असेल तर पिनच्या मुळाशी काय होतं ते काढ.

मी काढलं. पिनचं मूळ लालभडक झालं. अकरा पानं ती.

पण मी मोडलेली पिनही पाहिली होती. टूलरूममध्ये भिंगाखाली धरून पाहिली, फोटो काढले. मोडलेला भाग निम्मा चकचकीत होता आणि निम्मा काळपट. चकचकीत म्हणजे आत्ता मोडलेला. काळपट म्हणजे तिथे तडा आधीच गेला होता, आणि तो दिवसच्या दिवस उष्णतेत भाजत राहिला होता. मग मी कुणी न सांगता तेच गणित दुसऱ्यांदा केलं. पिनला तेवढा तडा दिला आणि थांबा पुरा आठ सेकंदांचा ठेवला. तरीही मूळ लालभडक. सांगळ्यांनी थांबा घेतला असता काय, नसता काय, ती पिन मोडणारच होती. उरलेली दहा पानं ही होती.

वर्तक सर फोनवर बोलत होते. त्यांनी हाताने बसायची खूण केली. मी बसले नाही. अहवाल त्यांच्यासमोर ठेवला आणि फोन संपायची वाट पाहत उभी राहिले. हे सांगायला हवं की या माणसाने मला घडवलं होतं. कॉलेजातून मी जे शिकून आले ते परीक्षेपुरतं. हे काम खरं शिकवलं ते सरांनी, तीन वर्षं शेजारी खुर्ची टाकून. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, पण विचारलं तेवढंच सांगतो. त्यांचा शब्द माझ्यासाठी शेवटचा असायचा.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, माझी दहा पानं कुठे गेली. ते शांतपणे म्हणाले की चौकशीने एकच प्रश्न विचारला आहे, थांबा न घेता पिन मोडते का. त्याचं उत्तर अकरा पानांत आहे. बाकीचं संशोधन आहे, त्यावर तू निबंध लिही, मी स्वतः तपासून देईन.

"आणि शेवटचं वाक्य? ते कुणाचं?"

"निष्कर्ष लिहावाच लागतो, हर्षदा."

"तो माझा निष्कर्ष नाही, सर. पिन अशी मोडू शकते, एवढंच मी म्हटलं होतं. अशीच मोडली, असं नाही."

ते म्हणाले, तडा जाताना तू पाहिलास का. मी म्हणाले, सांगळ्यांना थांबा चुकवताना तुम्ही पाहिलंत का. तीन वर्षांत मी त्यांच्याशी अशी कधी बोलले नव्हते. त्यांचा चेहरा जरासा आवळला. मग ते समजावणीच्या सुरात बोलू लागले. बसकंपनीची माणसं पुढच्या महिन्यात तपासणीला येताहेत. चूक माणसाची निघाली तर माणूस बदलता येतो. चूक टूलची निघाली तर आजवर पाठवलेले सगळे तळ परत येतील. इथे दोनशे चाळीस माणसं काम करतात. एकाच्या बदल्यात दोनशे चाळीस.

"त्या एकाचा डोळा गेलाय, सर."

त्यावर त्यांनी टेबलाचा खण उघडला, एक कागद काढला आणि माझ्यापुढे सरकवला. एकच पान, वर्षापूर्वीचं. मी वाचलं. पुन्हा वाचलं.

"आता सांग," ते म्हणाले, "ती दहा पानं बाहेर गेली तर पहिला प्रश्न कोणता येईल, आणि उत्तर द्यायला कोण उभं राहील? मी पानं काढली ती तुझ्यासाठीसुद्धा काढली."

सोमवारी चौकशी आहे, तोवर सही करून ठेव, असं त्यांनी सांगितलं आणि पुन्हा फोन उचलला. मी अकरा पानं घेऊन बाहेर आले. त्या कागदात काय होतं ते पुढे येईलच. तेव्हा मात्र मी ते स्वतःलाही नीट सांगितलं नाही. मी फक्त चिडले होते. सरांवर, त्यांच्या त्या शांत आवाजावर, त्या 'तुझ्यासाठीसुद्धा'वर.

रविवारी सकाळी स्कूटी काढली आणि सांगळ्यांच्या घरी गेले. डुबेऱ्याच्या पुढे एका वस्तीवर त्यांचं घर होतं. का गेले? मी स्वतःला सांगितलं होतं की तुमची बाजू कापून टाकली आहे हे त्यांना कळवायला जाते आहे. मनात असं चित्रही होतं की मी हे सांगेन, ते संतापतील, आणि मग आम्ही दोघं मिळून एकाच माणसावर संतापू.

त्यांची बायको, मंदाबाई, ओट्यावर बाजरी पाखडत बसली होती. मी नाव सांगितलं तसा तिचा हात थांबला. तिने सूप बाजूला ठेवलं, आत जाऊन नवऱ्याला सांगितलं आणि बाहेर आली ती माझ्याकडे न बघता पुन्हा पाखडायला बसली.

सांगळे खाटेवर बसले होते. काळा चष्मा, त्याच्या आड पांढरी पट्टी. त्यांनी मला खुर्ची द्यायला सांगितलं, चहा ठेवायला सांगितलं. मी घाईघाईने बोलायला लागले. पिनचा निम्मा भाग काळपट होता, म्हणजे तडा आधीचा होता, थांबा घेऊनही पिन मोडलीच असती, हे मी गणिताने काढलं आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना त्यात नवल काहीच वाटलं नाही.

"ते मला ठाऊक व्हतं," ते म्हणाले. "चार दिवस आवाज बदलला व्हता."

मी विचारलं, कसला आवाज. त्यांनी सांगितलं की टूल आत गेलं की आधी किरकिरतं, मग धातू तापला की आवाज खाली बसतो, जातं भरल्यावर बसतो तसा. आवाज बसला की त्यांचा थांबा पुरा. घड्याळाची त्यांना कधी गरज पडली नाही. पण त्या चार दिवसांत आवाज बसला तरी त्याच्या आत एक बारीक टकटक राहायची. त्यांनी सुपरवायझर वाजेंना सांगितलं, टूल बदलून द्या. एकदा नाही, तीनदा सांगितलं. मशीनजवळच्या रजिस्टरात लिहूनही ठेवलं. ते रजिस्टर अपघातानंतर कुणाला सापडत नव्हतं.

"मग वाजे काय म्हणाले?"

ओट्यावरचं पाखडणं थांबलं.

"म्हनले, वरून सहाशे मीटर आलंय. तुझं पाचशे चाळीसच झालंय. भामरे मॅडमनी कॉम्प्युटरवर काढलेलं हाये. तू शहाणा का कॉम्प्युटर शहाणा?"

त्यांनी हे अगदी साध्या आवाजात सांगितलं. कुणी आणलेला निरोप पोचता करावा तसं.

आता त्या कागदाचं सांगते.

टूल बनवणाऱ्यांनी त्याचं आयुष्य दोनशे मीटर ठरवून दिलं होतं. दोनशे मीटर सांधा झाला की टूल फेकायचं. टूल परदेशातून यायची, यायला दोन-दोन महिने लागायचे, आणि तोवर मशीन बंद. वर्षापूर्वी सरांनी मला विचारलं, याहून जास्त चालेल का बघ. मी टूलचं चित्र घेतलं, कोरं करकरीत, नवं. त्याला चारशे ऐंशी अंशांवर तापवलं, धातूतून ओढलं. मुळाशी ताण आला तो पोलादाच्या ताकदीच्या निम्म्याहूनही कमी. सगळं निळं आणि हिरवं. मी एका पानाचं टिपण केलं: टूलचा वापर दोनशेवरून सहाशे मीटरपर्यंत वाढवता येईल. खाली माझी सही, त्याखाली सरांची. त्या वर्षी सुधारणेचं पहिलं बक्षीस मला मिळालं. कॅन्टीनमध्ये सगळ्या कामगारांसमोर टाळ्या झाल्या, मिक्सर दिला. टाळ्या वाजवणाऱ्यांत सांगळेही असतील.

चूक शाळकरी होती. तार एकदा वाकवली तर मोडत नाही, उलटसुलट वाकवत राहिलं की मोडते, हे कुणालाही ठाऊक असतं. फिरणारी पिन दर फेऱ्याला एकदा इकडे वाकते, एकदा तिकडे. मिनिटाला नऊशे फेरे. सहाशे मीटर म्हणजे अठरा लाख वेळा. मी ताण काढला तो एका क्षणाचा. अठरा लाखांचा हिशेब मी कॉम्प्युटरला विचारलाच नाही, आणि विचारलं नाही ते त्याने सांगितलं नाही. सरांच्याही ते लक्षात आलं नाही, की आलं आणि त्यांनी सोडून दिलं, हे मला आजही ठाऊक नाही.

भिंगाखाली तो काळपट भाग पाहिला त्याच दिवशी मला हे कळलं होतं. दहा पानं लिहिताना कळलेलं होतं. पण त्या दहा पानांत तडा आहे असं मी लिहिलं, तडा कशाने गेला हे लिहिलं नाही. सरांनी माझी पानं कापली म्हणून मी पेटून उठले होते, आणि त्या दहांच्या पुढचं, तडा कशाने गेला ते सांगणारं पान मी स्वतःच आधी कापून बसले होते.

सांगळ्यांच्या समोर बसून मी हे काहीच बोलले नाही. तोंड उघडलं, पण त्यातून निघालं ते भलतंच. मी म्हणाले, वाजेंनी तुमचं ऐकायला हवं होतं. आणि मनात सांगळ्यांचाही राग आला. आरडाओरडा का करत नाही हा, मला शिव्या का देत नाही. दिल्या असत्या तर मला निदान काही उत्तर तरी देता आलं असतं.

मंदाबाईने चहा आणून माझ्यापुढे ठेवला. मग पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.

"चहा घ्या," ती म्हणाली. "अन् परत येऊ नका."

सांगळे तिला काही बोलले नाहीत. चहा पोळत होता. मी तो तसाच संपवला आणि निघाले. सिन्नरपर्यंतच्या रस्त्यात मी वाजेला, सरांना, कंपनीला, जे तोंडाला येईल ते बोलत होते, हेल्मेटच्या आत, मोठमोठ्याने. घाटाच्या वळणावर गाडी बाजूला घेतली तेव्हा लक्षात आलं की बराच वेळ मी एकच नाव घेत होते, आणि ते माझंच होतं.

सोमवारी अकरा वाजता चौकशी सुरू झाली. कॅन्टीनच्या वरच्या प्रशिक्षणाच्या खोलीत लांब टेबल लावलं होतं. चौकशी अधिकारी म्हणून नाशिकचे एक वकील होते, वयस्कर, सावकाश लिहिणारे. एका बाजूला वर्तक सर आणि ऑफिसातली दोन माणसं. समोर सांगळे, आणि त्यांच्या बाजूने बोलायला फिटर खैरनार. नियमाने कामगाराला आपल्यातलाच एक सोबती घेता येतो. खैरनार कायदा शिकलेले नव्हते. त्यांनी प्रश्न वहीच्या पानावर लिहून आणले होते आणि त्या पानाला घाम लागून ते मऊ पडलं होतं.

मला बोलावलं. सरांनी विचारलं, थांबा दोन सेकंदांचा असेल तर पिन मोडेल का. मी म्हणाले, मोडेल. वकिलांनी लिहून घेतलं. सरांनी अकरा पानांची दुसरी प्रत पुढे केली आणि सही राहिली आहे ती आत्ता करून घेऊ, असं सहज म्हणाले. मी पेन घेतलं नाही. आधी खैरनारांचे प्रश्न होऊ देत, असं सांगितलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला ओळखीची होती. गणित चुकत असलं की ते असेच पाहायचे, काही न बोलता, मला स्वतःला चूक सापडेपर्यंत.

खैरनार उभे राहिले. वहीचं पान डोळ्यांजवळ धरून त्यांनी वाचलं:

"मॅडम, टूल जुनं असेल, आधीच तडकलेलं असेल, तर काय होईल, हे तपासायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?"

"नाही," मी म्हणाले.

वकिलांनी 'नाही' लिहिलं. खैरनारांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न शोधू लागले. त्यांना हवं ते उत्तर मिळालं होतं. कंपनीने तपासलंच नाही, एवढंच त्यांना दाखवायचं होतं. सर खुर्चीत मागे टेकले. माझं उत्तर खरं होतं, पुरं होतं, आणि त्याने कुणाचंही काही वाकडं होणार नव्हतं. मी खाली बसू शकत होते. सरांनी मला जे शिकवलं होतं ते हेच होतं, विचारलं तेवढंच सांगायचं.

"कुणी सांगितलं नव्हतं," मी म्हणाले. "मी आपणहून तपासलं."

पेन थांबलं. मी पिशवीतून एकवीस पानं काढली, पिनचे फोटो काढले आणि वकिलांसमोर ठेवले. सर लगेच म्हणाले की हे कागद अधिकृत नाहीत, कंपनीचा अहवाल अकरा पानांचा आहे. वकिलांनी ऐकून घेतलं, चष्मा सारखा केला आणि फोटो उचलले. काळपट भाग कोणता ते मला विचारलं. मी दाखवला. टूल किती वापरलेलं होतं, त्यांनी विचारलं. पाचशे चाळीस मीटर, मी म्हणाले. ही नोंद ज्यात असते ते रजिस्टर कुठे आहे, त्यांनी विचारलं. ऑफिसातल्या दोघांनी सरांकडे पाहिलं. बनवणाऱ्याने किती वापरायला सांगितलं होतं? दोनशे.

"मग सहाशे कुणी ठरवलं?"

"मी," मी म्हणाले, आणि वर्षापूर्वीच्या त्या पानाची माझ्याजवळची प्रत पुढे ठेवली. "ही माझी सही. माझं गणित चुकलं होतं. टूल कायम नवंच राहील असं मी धरलं होतं. सांगळेभाऊंनी तीनदा टूल बदलून मागितलं, आणि तिन्ही वेळा त्यांना हा आकडा दाखवून गप्प बसवलं."

"हर्षदा, खाली बस," सर म्हणाले. आवाज तोच, शिकवतानाचा, मऊ. "तू दमली आहेस. काय बोलतेस ते तुला कळत नाहीये."

मी दोन्ही हात टेबलावर दाबून धरले.

"पानं तुम्ही काढलीत, सर. आकडा मी काढला. दोन्ही लिहून घेऊ द्या."

वकिलांनी खाली मान घालून दोन्ही लिहून घेतलं. सांगळे काळ्या चष्म्याआडून माझ्याकडे पाहत होते की भिंतीकडे, ते मला समजलं नाही.

चौकशी जेवणासाठी थांबली ती पुन्हा बसलीच नाही. महिन्याभरात आरोपपत्र मागे घेतल्याचं पत्र सांगळ्यांना गेलं. कारण लिहिलेलं नव्हतं. टूल दीडशे मीटरला बदलायचा नियम झाला. मला त्याच आठवड्यात राजीनामा द्यायला सांगितलं, आणि मी दिला. वर्तक सरांना काही झालं नाही. पुढे पुण्यातल्या एका कंपनीने माझ्याबद्दल त्यांच्याकडे चौकशी केली तेव्हा ते म्हणाले म्हणे, काम उत्तम, भरवसा नाही. याला आता चौदा वर्षं झाली. हे वाक्य आठवलं की मला अजून राग येतो, भांडं आपटावं असा.

पण सांगायचं आहे ते शेवटच्या दिवसाचं. शनिवार होता. तीनची पाळी सुटली होती, माझं सामान एका पिशवीत मावलं होतं. गेटवर सांगळे भेटले. दवाखान्याचे कागद द्यायला आले होते. मला पाहून ते थांबले, आणि मी खरं तेच सांगते, मला वाटलं की हे आता आभार मानतील. मी मनात उत्तरही तयार केलं, त्यात काय एवढं, अशा धर्तीचं.

"आभार मानायला थांबलो नाही," ते म्हणाले. "खरं बोललात, बरं केलंत. ते तुमचं तुम्हाला."

मी मान हलवली.

"एकच विचारायचं व्हतं. तुम्ही ते सहाशे काढलं, तवा तुम्ही वर व्हता, मी खाली व्हतो. मधी एक जिना. येऊन एकदा विचारलं का नाही? एकोणीस वर्षं मशीनवर व्हतो. मी सांगितलं असतं, दोनशेच्या पुढं आवाज फिरतो."

त्यांचा आवाज चढला नव्हता, पण ओठ कापत होते. तो राग मला त्यांच्या घरी हवा होता. आता तो समोर उभा होता आणि माझ्याजवळ उत्तर नव्हतं. सुचलं नाही, हे खरं उत्तर होतं. तीन वर्षांत एकदाही सुचलं नाही. सरांनी विचारायला सांगितलं नव्हतं म्हणून नव्हे. विचारण्यासारखं तिथे खाली कुणी आहे, असं मला वाटलंच नव्हतं.

सांगळ्यांनी कागदांची पिशवी काखेत मारली आणि हमरस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. उजवीकडे त्यांनी नुसती नजर टाकली. डावीकडे बघायला मात्र त्यांना अख्खी मान, मग खांदा, मग सगळं अंगच फिरवावं लागलं. एक ट्रक गेला, एक बस गेली. ते पुन्हा तसेच फिरले, खात्री करून घेतली आणि रस्ता ओलांडून गेले.